अर्थवृत्तवाहिनीची जडणघडण आणि कार्यक्रमरचना : सीएनबीसी-टीव्ही१८ व ग्रामीण बाजारपेठेच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर भारतीय समाजजीवनात जी स्थित्यंतरे घडून आली, त्यांत दूरचित्रवाणीचा विस्तार आणि भांडवल बाजाराचा विस्तार ही दोन महत्त्वाची स्थित्यंतरे होत. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही असे वाटते. तथापि, विसावे शतक संपण्याच्या सुमारास या दोन प्रवाहांचा संगम झाला आणि त्यातून 'अर्थवृत्तवाहिनी' हा नवा माध्यमप्रकार भारतात उदयास आला. दिवसभर केवळ उद्योग, व्यापार, शेअर बाजार व अर्थनीती यांविषयी बोलणारी वाहिनी ही कल्पना त्यापूर्वी भारतीय प्रेक्षकाला अपरिचित होती. अर्थविषयक वार्ता ही वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची बाब मानली जात असे. इंग्रजीत 'इकॉनॉमिक टाइम्स' व 'फायनान्शियल एक्स्प्रेस' ही दैनिके १९६१ पासून होती. परंतु त्यांचा वाचकवर्ग मर्यादित व महानगरी होता.

आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातही अर्थवाहिनीचे प्रक्षेपण पोहोचते. हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात येथे रोज मोठी उलाढाल होते व परराज्यांतील व्यापारीही खरेदीसाठी येतात. म्हणजेच व्यापार येथे आहे, जोखीम आहे, भावातील चढउतार आहे आणि भांडवलही आहे. परंतु पडद्यावरील सरकत्या पट्टीत या बाजाराला स्थान नाही. अर्थवाहिनी ज्याला 'बाजार' म्हणते तो बाजार कोणता आणि जो पडद्याबाहेर राहतो तो कोणता, हा प्रश्न त्यामुळे केवळ माध्यमशास्त्राचा राहत नाही. तो अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचाही होतो. प्रस्तुत लेखात भारतातील आद्य अर्थवृत्तवाहिनी म्हणता येईल अशा सीएनबीसी-टीव्ही१८ या वाहिनीचा इतिहास व कार्यक्रमरचना यांचा परामर्श घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भारतातील अर्थवृत्तवाहिनीच्या उदयाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) सीएनबीसी-टीव्ही१८ या वाहिनीच्या वाटचालीचा आढावा घेणे.
३) अर्थवाहिनीच्या दैनंदिन कार्यक्रमरचनेमागील तत्त्व समजून घेणे.
४) लहान गुंतवणूकदार व ग्रामीण उत्पादक यांच्या दृष्टीने या वाहिन्यांच्या मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनसामग्रीचा आधार घेतला आहे. वाहिनीचा इतिहास कालानुक्रमे मांडला असून कार्यक्रमांचे विवेचन प्रकारानुसार केले आहे.

अर्थवाहिनीच्या उदयाची पार्श्वभूमी

अर्थवृत्तवाहिनीची मूळ कल्पना अमेरिकेतील आहे. तेथे १९८१ मध्ये 'फायनान्शियल न्यूज नेटवर्क' सुरू झाले. १७ एप्रिल १९८९ रोजी 'कन्झ्युमर न्यूज अँड बिझनेस चॅनल' म्हणजेच सीएनबीसी ही वाहिनी सुरू झाली. नावाप्रमाणेच प्रारंभी तिच्यात ग्राहकोपयोगी विषयांना बरेच स्थान होते. १९९१ मध्ये तिने फायनान्शियल न्यूज नेटवर्क विकत घेतले आणि त्यानंतर शेअर बाजार हाच तिचा केंद्रबिंदू झाला. आशिया खंडात तिचा प्रवेश १९९५ मध्ये झाला.

भारतात मात्र अशी वाहिनी चालण्यासाठी तीन गोष्टी आधी घडणे आवश्यक होते. पहिली गोष्ट म्हणजे खाजगी दूरचित्रवाणी. १९९१ मध्ये स्टार टीव्हीचे उपग्रह प्रक्षेपण सुरू झाले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्हीचा प्रारंभ झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी केबल दूरचित्रवाणी जाळ्यांचे नियमन करणारा कायदा संमत झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे संगणकीकृत भांडवल बाजार. मुंबई शेअर बाजाराची परंपरा १८७५ पासूनची. परंतु तेथील व्यवहार बाजाराच्या रिंगणात, दलालांच्या आरडाओरड्यात आणि हातवाऱ्यांनी होत असत. रिंगणातील भाव बाहेरच्या माणसाला तत्क्षणी कळण्याची सोय नव्हती. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाद्वारे जोडलेल्या संगणकांवर समभागांचे व्यवहार सुरू केले आणि मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही संगणकीय प्रणाली स्वीकारली. भाव हा आता विद्युतवेगाने वाहणारा आकडा झाला. जो आकडा दलालाच्या पडद्यावर दिसू शकतो, तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही दिसू शकतो. अर्थवाहिनीचा पाया येथे घातला गेला.

तिसरी गोष्ट म्हणजे नियामक यंत्रणा व गुंतवणूकदारांचा विस्तार. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेबीला १९९२ मध्ये वैधानिक अधिकार मिळाले. त्याच वर्षी उघडकीस आलेल्या रोखे घोटाळ्याने शेअर बाजार हा विषय मध्यमवर्गीय घरातील चर्चेचा विषय बनवला. १९९६ पासून भागपत्रांचे कागदविरहित रूपांतर सुरू झाले. यामुळे मुंबईबाहेरच्या गुंतवणूकदारालाही व्यवहार करणे सुलभ झाले आणि त्याला माहितीची निकड भासू लागली.

सीएनबीसी-टीव्ही१८ : वाटचाल

राघव बहल यांनी १९९३ मध्ये 'टेलिव्हिजन एटीन' या संस्थेची स्थापना केली. प्रारंभी ही संस्था स्वतःची वाहिनी चालवीत नव्हती, तर इतर वाहिन्यांसाठी कार्यक्रम तयार करून देत असे. बीबीसीसाठी तिने तयार केलेला 'इंडिया बिझनेस रिपोर्ट' हा कार्यक्रम त्या काळात विशेष लक्षणीय ठरला. अर्थविषयक दृश्यपत्रकारिता कशी करावी याचा सराव या संस्थेला अशा कार्यक्रमांतूनच झाला. पुढे सीएनबीसीशी सहकार्य होऊन डिसेंबर १९९९ मध्ये 'सीएनबीसी इंडिया' ही वाहिनी सुरू झाली. तिचे मुख्य केंद्र मुंबई हे होते. काही वर्षांत तिचे नामकरण 'सीएनबीसी-टीव्ही१८' असे झाले.

वाहिनीच्या जन्माची वेळ अर्थपूर्ण होती. १९९९-२००० हा माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या समभागांतील अभूतपूर्व तेजीचा काळ होय. लगेच २००१ मध्ये बाजार कोसळला आणि आणखी एक घोटाळा उघडकीस आला. तेजी आणि मंदी या दोन्ही अवस्था वाहिनीने आपल्या पहिल्या दोन वर्षांतच पाहिल्या. मंदीच्या काळात गुंतवणूकदार बाजारापासून दूर जातो. पर्यायाने प्रेक्षक व जाहिरातदारही दूर जातात. अर्थवाहिनीचे भवितव्य बाजाराच्या चक्राशी बांधलेले असते, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

२००३ नंतरच्या तेजीत या क्षेत्रात स्पर्धा निर्माण झाली. २००४ मध्ये झी बिझनेस, तर जानेवारी २००५ मध्ये एनडीटीव्ही प्रॉफिट ही वाहिनी सुरू झाली. त्याच महिन्यात टीव्ही१८ समूहाने 'आवाज' ही हिंदी वाहिनी सुरू केली. तीच पुढे 'सीएनबीसी आवाज' या नावाने रूढ झाली. २००८ मध्ये यूटीव्हीआय व २००९ मध्ये ईटी नाऊ या वाहिन्यांची भर पडली. २०१४ मध्ये याच समूहाची 'सीएनबीसी बाजार' ही गुजराती वाहिनी आली. सर्व वाहिन्या तग धरू शकल्या नाहीत. यूटीव्हीआयचे पुढे ब्लूमबर्गच्या नावाने व नंतर बीटीव्हीआय असे रूपांतर होत गेले आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. एनडीटीव्ही प्रॉफिट २०१७ मध्ये बंद झाली व डिसेंबर २०२३ मध्ये त्याच नावाने पुन्हा सुरू झाली. या पार्श्वभूमीवर सीएनबीसी-टीव्ही१८ चे सातत्य उठून दिसते.

मालकीच्या दृष्टीने २०१४ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी नेटवर्क१८ समूहाचे नियंत्रण रिलायन्स उद्योगसमूहाकडे गेले आणि संस्थापक राघव बहल समूहातून बाहेर पडले. २०२४ मध्ये टीव्ही१८ ब्रॉडकास्ट ही कंपनी नेटवर्क१८ मध्ये विलीन करण्यात आली. २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्हीचे नियंत्रण अदानी समूहाकडे गेले. म्हणजे ज्या कंपन्यांच्या वार्ता देणे हे अर्थवाहिनीचे मुख्य काम, त्यांपैकीच काही समूह आता वाहिन्यांचे मालक आहेत. सर्वसाधारण वृत्तवाहिनीच्या मालकीचा प्रश्न राजकीय निष्पक्षतेशी निगडित असतो. अर्थवाहिनीच्या बाबतीत तो थेट गुंतवणूकदाराच्या पैशाशी निगडित होतो. मालक-समूहाविषयीची बातमी देताना हितसंबंधांचे प्रकटीकरण करणे हा त्यामुळे केवळ शिष्टाचाराचा भाग नसून विश्वासार्हतेची किमान अट आहे.

कार्यक्रमरचना : बाजाराच्या घड्याळाप्रमाणे

मनोरंजन वाहिनीची दिनचर्या प्रेक्षकाच्या घरगुती वेळापत्रकाप्रमाणे आखली जाते. तिचा सर्वाधिक महत्त्वाचा काळ रात्रीचा असतो. अर्थवाहिनीचे मात्र तसे नाही. तिची दिनचर्या बाजाराच्या घड्याळाला बांधलेली असते. भारतात शेअर बाजाराचे व्यवहार पूर्वी सकाळी ९.५५ वाजता सुरू होत. जानेवारी २०१० मध्ये ही वेळ ९ वर आणली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूर्वसत्राची पद्धत सुरू झाल्यापासून नियमित व्यवहार ९.१५ ते ३.३० या वेळेत होऊ लागले. बाजाराची वेळ बदलताच वाहिनीचे वेळापत्रकही बदलले. या घड्याळानुसार कार्यक्रमांचे स्थूलमानाने चार भाग पडतात.

पहिला भाग बाजारपूर्व होय. अमेरिकेतील बाजार रात्री कसे बंद झाले, जपान व हाँगकाँगचे बाजार सकाळी कसे उघडले, खनिज तेलाचा भाव व रुपयाचा विनिमय दर काय आहे, यांचे संकलन या वेळी केले जाते. 'बाजार मॉर्निंग कॉल' हा या वर्गातील परिचित कार्यक्रम. हिंदीत 'पहला सौदा' हे नावच पुरेसे बोलके आहे. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर ही भवानीपूर्वीची मांडामांड होय.

दुसरा भाग व्यवहारकाळाचा. या काळात पडद्याचे दृश्य रूप विशेष लक्षात घेण्याजोगे असते. मध्यभागी निवेदक व तज्ज्ञ, बाजूला निर्देशांकांचे आकडे आणि तळाशी समभागांची नावे, भाव व बदल दाखवणारी सरकती पट्टी अशी पडद्याची वाटणी केलेली असते. वाढ हिरव्या व घट लाल रंगात दाखवली जाते. दलालांच्या कार्यालयात अनेकदा दूरचित्रवाणी संचाचा आवाज बंद असतो, तरी पडदा वाचला जातो. अर्थवाहिनी ही पाहण्याइतकीच वाचण्याची वाहिनी आहे, हे तिचे वेगळेपण होय. घरातील संचांना जोडलेल्या मापन यंत्रणेत कार्यालयांतील असा प्रेक्षक सहजासहजी येत नाही. म्हणून प्रेक्षकसंख्या अल्प असूनही या वाहिन्यांना बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड व मोटार कंपन्यांच्या जाहिराती मिळतात. जाहिरातदार येथे प्रेक्षकांची संख्या पाहत नाही, त्यांची क्रयशक्ती पाहतो.

तिसरा भाग बाजार बंद होतानाचा व त्यानंतरचा. 'क्लोजिंग बेल' व 'इंडिया बिझनेस अवर' हे कार्यक्रम दिवसभराच्या घडामोडींचा अन्वय लावतात. कंपन्यांचे तिमाही निकाल, व्यवस्थापनाच्या मुलाखती व शासकीय निर्णय यांना येथे स्थान मिळते. दर तीन महिन्यांनी येणारा निकालांचा हंगाम हा वाहिनीच्या दृष्टीने सुगीचा काळ असतो.

चौथा भाग सायंकाळच्या व साप्ताहिक विशेष कार्यक्रमांचा. २००२ पासून शिरीन भान यांनी सादर केलेल्या 'यंग टर्क्स' या कार्यक्रमाने नवउद्योजकांना व्यासपीठ दिले. 'स्टार्टअप' हा शब्द सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. जाहिरात व विपणन क्षेत्रासाठी 'स्टोरीबोर्ड', वाहनांसाठी 'ओव्हरड्राइव्ह', कंपनी कायद्यासाठी 'द फर्म' आणि नामांकित गुंतवणूकदारांच्या मुलाखतींसाठी रमेश दमाणी यांचा 'विझार्ड्स ऑफ दलाल स्ट्रीट' असे कार्यक्रम या वर्गात येतात. हिंदी वाहिनीवर सुभाष लखोटिया यांच्या 'टॅक्स गुरू'ने आयकरासारख्या रूक्ष विषयाला लोकप्रियता मिळवून दिली. इंग्रजी वाहिनीचा प्रेक्षक कंपनीकडे पाहतो, तर हिंदी वाहिनीचा प्रेक्षक स्वतःच्या घरखर्चाकडे, करभरणीकडे व घरखरेदीकडे पाहतो, असा हा रचनात्मक भेद आहे.

या नित्यक्रमाखेरीज काही दिवस वाहिनीसाठी सणासारखे असतात. अर्थसंकल्पाचा दिवस हा त्यांत अग्रगण्य होय. १९९९ पर्यंत अर्थसंकल्प सायंकाळी ५ वाजता, म्हणजे बाजार बंद झाल्यावर मांडण्याची प्रथा होती. यशवंत सिन्हा यांनी त्या वर्षी तो सकाळी ११ वाजता मांडला. यामुळे अर्थमंत्र्यांचे वाक्य आणि निर्देशांकाची हालचाल एकाच पडद्यावर, एकाच क्षणी दिसू लागली. अर्थसंकल्पाचे मूल्यमापन बाजाराच्या तत्काळ प्रतिसादावरून करण्याची सवय भारतीय प्रेक्षकाला येथूनच लागली. सिंचनाच्या तरतुदीचा परिणाम दिसण्यास अनेक वर्षे लागतात; निर्देशांकाचा निकाल मात्र भाषण संपण्यापूर्वीच लागतो. मूल्यमापनाची ही घाई अर्थवाहिनीच्या स्वरूपातच अंतर्भूत आहे.

वाहिनी : साक्षीदार की सहभागी?

१७ मे २००४ हा दिवस या संदर्भात अभ्यासनीय आहे. लोकसभा निवडणुकीचे अनपेक्षित निकाल, डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर अवलंबून असणारे सरकार व निर्गुंतवणुकीविषयी डाव्या नेत्यांची जाहीर वक्तव्ये यांमुळे बाजारात घबराट पसरली. दिवसभरात दोन वेळा व्यवहार थांबवावे लागले आणि सेन्सेक्स ५६४ अंशांनी घसरून बंद झाला. बरोबर पाच वर्षांनी, १८ मे २००९ रोजी, निवडणूक निकालानंतर सेन्सेक्सने २,१०० हून अधिक अंशांची उसळी घेतली आणि व्यवहार पुन्हा थांबवावे लागले. या वेळी कारण तेजीचे होते. दोन्ही प्रसंगी वाहिन्यांवरून वक्तव्य प्रसारित होते, त्यावर भाव हलतो, हललेला भाव हीच नवी बातमी होते आणि तिच्यावर पुन्हा भाव हलतो, असे चक्र दिसून येते. वाहिनी घटनेची केवळ साक्षीदार राहत नाही.

हा प्रश्न समभागांच्या शिफारशींच्या बाबतीत अधिक गंभीर होतो. 'कोणता शेअर घ्यावा' हा प्रश्न विचारणारा प्रेक्षक आणि त्याला अर्ध्या मिनिटात उत्तर देणारा तज्ज्ञ हे अर्थवाहिनीवरील नेहमीचे दृश्य. विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळाले की सौदा होतो. परंतु शिफारस करणाऱ्यानेच आधी खरेदी करून ठेवली असेल, तर प्रेक्षक हा त्याचे गिऱ्हाईक ठरतो. सेबीने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी व २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी स्वतंत्र नियमावली केली. माध्यमांतून शिफारस करणाऱ्याने स्वतःचे हितसंबंध प्रकट करावेत, असा दंडक त्यात आहे. तत्पूर्वी २०१० मध्ये जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे भाग घेणाऱ्या माध्यमसंस्थांना त्याचे प्रकटीकरण करण्याविषयी सेबीने पाऊल उचलले होते. तरीही प्रश्न संपला नाही. जानेवारी २०२१ मध्ये एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाविरुद्ध आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवरील काही पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध सेबीने अंतरिम आदेश काढले. दोन्ही प्रकरणांतील आक्षेपाचे मर्म एकच होते : प्रक्षेपणापूर्वी शिफारशीची माहिती वापरून व्यवहार करणे.

हे प्रश्न आज अधिक तीव्र होण्याचे कारण प्रेक्षकाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. देशातील डीमॅट खात्यांची संख्या मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती. मार्च २०२४ मध्ये ती १५ कोटींच्या वर गेली. नवा खातेदार हा बहुधा तरुण, लहान शहरातील आणि भ्रमणध्वनीवरून व्यवहार करणारा आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व पर्याय व्यवहारांत १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. महाविद्यालयाच्या वर्गात बसणारा विद्यार्थी या आकड्यापासून फार दूर नाही, याची जाणीव अध्यापकवर्गाने ठेवणे अगत्याचे आहे.

पडद्याबाहेरची बाजारपेठ

जालना जिल्हा उद्योगदृष्ट्या अपरिचित नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात स्थापन केलेली महिको ही कंपनी भारतीय बियाणे उद्योगाच्या इतिहासात मानाचे स्थान राखते. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याचा पोलाद उद्योगही सुविख्यात आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली, तेव्हा हा विषय अर्थवाहिन्यांवरही आला. म्हणजे जिल्हा पडद्यावर येतो तो कंपनी, परवाना किंवा धोरण यांच्या मार्गाने. शेतकऱ्याच्या मालाच्या मार्गाने तो क्वचितच येतो.

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीचे उदाहरण घेऊ. हिरवी मिरची हा नाशवंत माल आहे. तोडणी झाल्यावर ती साठवून भाववाढीची वाट पाहता येत नाही. तिचा भाव त्या दिवसाची आवक, परगावच्या मालमोटारींची संख्या, पाऊस, तोडणीच्या मजुरांची उपलब्धता आणि वाशी किंवा दिल्लीच्या आझादपूर येथील घाऊक बाजारांची स्थिती यांवर ठरतो. सोन्याचा वा खनिज तेलाचा भाव जसा एका प्रमाणित वायद्यावरून पडद्यावर दाखवता येतो, तसा हिरव्या मिरचीचा दाखवता येत नाही. कारण वाण, प्रत, ताजेपणा आणि ठिकाण यांनुसार तो बदलतो. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. विक्रीचे स्वातंत्र्य त्यामुळे वाढले. परंतु स्वातंत्र्याचा लाभ घेण्यासाठी भावाची विश्वसनीय माहिती अधिकच आवश्यक झाली. सौद्याच्या वेळी व्यापाऱ्याला दहा बाजारांचे भाव ठाऊक असतात आणि शेतकऱ्याला एकाच बाजाराचा. माहितीतील ही विषमता हेच नफा-तोट्याचे एक मूळ आहे.

दुसरे उदाहरण सोयाबीनचे. हा साठवता येणारा माल असून राष्ट्रीय वायदे बाजारात त्याचे सौदे होत. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा भाव चढत गेला आणि ऑगस्टमध्ये तो क्विंटलमागे १०,००० रुपयांच्या आसपास पोहोचला. त्या हंगामाचा हमीभाव ३,९५० रुपये होता. कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली. नवा माल बाजारात येण्याच्या सुमारास भाव उतरले. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार स्थगित केले व पुढे ही मुदत वारंवार वाढवण्यात आली. अर्थवाहिनीच्या परिभाषेत ही 'महागाईनियंत्रणाची' बातमी होती. कुक्कुटखाद्य कंपन्यांच्या समभागांच्या दृष्टीने ती अनुकूल होती. भोकरदन तालुक्यातील उत्पादकाच्या दृष्टीने मात्र ती उत्पन्नात घट होण्याची बातमी होती. निर्णय एकच, परंतु पडद्यावर हिरवा बाण दिसतो तेव्हा शेतात लाल बाण असू शकतो. कोणत्या टोकावर उभे राहून बातमी सांगितली जाते, यावर तिचा अर्थ ठरतो.

शेतमालाच्या माहितीचे मार्ग अजिबात नव्हते असे मात्र नाही. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने मराठी शेतकऱ्याशी दीर्घकाळ संवाद साधला. २००५ मध्ये 'ॲग्रोवन' हे कृषीविषयक दैनिक सुरू झाले. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजारभाव प्रसिद्ध करते आणि २६ मे २०१५ पासून दूरदर्शनची किसान वाहिनीही आहे. परंतु या सर्व प्रयत्नांत शेती हा 'व्यवसाय' म्हणून नव्हे, तर 'कृषी' या स्वतंत्र कप्प्यात ठेवलेला दिसतो. एका कप्प्यात बाजार आणि दुसऱ्या कप्प्यात शेती अशी विभागणी माध्यमांनी केली. प्रत्यक्षातील व्यवहाराने ती कधीच मानली नाही.

भाषेचा प्रश्न

मुंबई शेअर बाजार, राष्ट्रीय शेअर बाजार, रिझर्व्ह बँक व सेबी या चारही संस्थांची मुख्यालये महाराष्ट्राच्या राजधानीत आहेत. अर्थवाहिन्या मात्र इंग्रजी, हिंदी व गुजराती भाषांत उभ्या राहिल्या. मराठीत २००७-०८ या काळात झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत व साम या वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. परंतु अर्थविषयक आशय त्यांतील मोजक्या कार्यक्रमांपुरता राहिला. गुजराती भाषेमागे व्यापारी समाजाची समभागगुंतवणुकीची जुनी परंपरा आणि 'व्यापार'सारख्या अर्थविषयक वृत्तपत्राचा वाचकवर्ग होता. मराठीत 'लोकसत्ता'ची 'अर्थवृत्तान्त' पुरवणी, 'संपदा' व 'उद्यम' यांसारखी नियतकालिके अशी मुद्रित परंपरा आहे. तिचे दृश्यमाध्यमात रूपांतर झाले नाही.

यास शब्दसंपत्तीची उणीव कारणीभूत आहे, असे म्हणता येणार नाही. तेजी-मंदी, वायदा, सट्टा, हुंडी, अडत, तोलाई, आवक, उलाढाल, पट्टी, उचल हे शब्द मराठी बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात आहेत. ज्या शेतकऱ्याला अडत्याची हिशेबपट्टी वाचता येते, त्याला कंपनीचा ताळेबंद समजावून सांगणे अशक्य नाही. उणीव आहे ती या दोन शब्दसंग्रहांना जोडणाऱ्या निवेदकाची.

निष्कर्ष

१) खाजगी दूरचित्रवाणी, संगणकीकृत भांडवल बाजार आणि गुंतवणूकदारांचा विस्तार या तीन घटकांच्या संयोगातून भारतात अर्थवृत्तवाहिनी उदयास आली.
२) सीएनबीसी-टीव्ही१८ ने १९९९ पासून जी कार्यक्रमरचना रूढ केली, तिचे नियामक तत्त्व 'बाजाराचे घड्याळ' हे आहे. पुढील वाहिन्यांची मांडणीही स्थूलमानाने याच तत्त्वावर आधारलेली आहे.
३) अर्थवाहिनी बाजाराचे केवळ वार्तांकन करीत नाही; तिच्या प्रक्षेपणाचा बाजारावर परिणाम होतो. म्हणून हितसंबंधांचे प्रकटीकरण अनिवार्य ठरते.
४) प्रमाणित व सतत हलणारा आकडा हीच अर्थवाहिनीची प्रमुख सामग्री असल्याने, असा आकडा नसलेली नाशवंत शेतमालाची बाजारपेठ तिच्या कक्षेबाहेर राहते.
५) मराठी भाषेत अर्थविषयक दृश्यपत्रकारितेस पुरेशी शब्दसंपत्ती व प्रेक्षकवर्ग असूनही तिचा विकास मर्यादित राहिला आहे.

समारोप

अर्थवृत्तवाहिनीने भारतीय मध्यमवर्गाला अर्थव्यवहाराची भाषा शिकवली, हे तिचे योगदान नाकारता येत नाही. रेपो दर, वित्तीय तूट, तिमाही निकाल या संज्ञा आज ज्या सहजतेने उच्चारल्या जातात, त्यामागे या वाहिन्यांचे दोन दशकांहून अधिक काळचे काम आहे. परंतु शिकवणाऱ्याने शिकवताना काही प्रकरणे वगळली, हेही तितकेच खरे. ती प्रकरणे भरून काढण्याचे काम वाणिज्य, अर्थशास्त्र व वृत्तविद्या या विषयांच्या अध्यापकांना वर्गात करता येण्यासारखे आहे. अर्थवाहिनीवरील एखादा तासाचा कार्यक्रम विद्यार्थ्यांना दाखवून कोणाचा माल पडद्यावर आला व कोणाचा आला नाही, शिफारस करणाऱ्याने आपले हितसंबंध सांगितले की नाही, आणि हीच बातमी उत्पादकाच्या बाजूने कशी लिहिता येईल, असे तीन प्रश्न विचारावेत. त्याच आठवड्यात जवळच्या बाजारपेठेतील एका मालाची आवक व भाव विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवावेत. भोकरदन परिसरातील महाविद्यालयांना यासाठी दूर जावे लागणार नाही. मिरचीचा बाजार हाताच्या अंतरावर आहे. पडद्यावरील आकडा आणि मोंढ्यातील आकडा एकाच वहीत लिहिणारा विद्यार्थी उद्या गुंतवणूकदार झाला तरी सावध राहील आणि शेतकरी झाला तरी सौद्याला उभा राहताना एकाच बाजाराच्या माहितीवर विसंबणार नाही.